चतुर्थीत मोजलेलं गाव

नर्मदाबाईंनी गावातल्या दोन पिढ्या काट्यावर तोलल्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवली. कोण जन्माला आला तेव्हा किती भरला, हे ज्याचं त्याला ठाऊक नसलं तरी बाईंना तोंडपाठ. त्यामुळे घराला लागून परमिट रूम निघाली तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांची वेगळी ओळख करून घ्यावी लागली नाही.

"गुरुदास, जन्मताना दोन किलोय भरलं नाय होतंस रे! खिमट भरवन भरवन तुका उभो केलंय, तो माझ्या गडग्याक टेकान उभो रवाक?"

"काकी, टेको देवक कोणतरी होया मगे," गुरुदास दगडी कुंपणाला आणखी रेलून म्हणायचा. बिचारा खोटं बोलत नव्हता.

परमिट रूम सुशांतची. लायसन फ्रेम करून गल्ल्यावर, गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं. बाई तक्रार घेऊन गेल्या की तो उठून खुर्ची द्यायचा. "काकी, सगळा कायद्यान आसा." इतक्या आदराने म्हणायचा की भांडायला तोंडच उरत नसे. रिकाम्या बाटल्या कायद्यात बसत नव्हत्या. त्या बाईंच्या अबोलीत बसत. फाटकासमोर मोटरसायकली आडव्या. आणि गडग्याच्या कोपऱ्यात माणसं कशासाठी उभी राहत ते लिहायची गरज नाही, वारा सांगायचा.

पण बाईंचं खरं दुखणं निराळंच. पूर्वी दिवेलागणीला देवळात जाणाऱ्या बायका त्यांच्या पडवीवरून जात. "जेवणाक काय गो?" म्हणत पायरीवर दोन मिनिटं टेकत. नवरा गेला, लेक भक्ती लग्न होऊन डोंबिवलीला गेली, त्यानंतर ती दोन मिनिटं म्हणजेच बाईंचा दिवस. परमिट रूम झाली आणि बायका मळ्यातल्या पाणंदीने जाऊ लागल्या. दारुड्यांच्या नजरेसमोरून कोण जाईल? पायरी तेवढी रोज झाडलेली राहिली.

मग कुणीतरी सांगितलं, बायकांना मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आधी सह्यांचा अर्ज द्यायचा, मग यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारायचा. बाई खूश झाल्या. याद्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

चतुर्थी आली. मुंबईकरांनी गाव भरलं, बंद घरांतून वाफा निघू लागल्या. बाई आरतीच्या वेळी घरोघर गेल्या आणि पाच दिवसांत अडीचशे सह्या गोळा केल्या. सुशांतच्या आईने, सुभद्रानेही केली. वर म्हणाली, "माजा नाव झिलाक सांगू नको हां!" भक्तीचं नाव लग्नानंतरही इथल्याच यादीत; तिने तर मोदकाचे हात पुसून पहिली सही केली.

कागद फिरत फिरत मतदान लागलं जानेवारीत, मंगळवारी. तोवर निम्म्या घरांना कुलपं. बाईंनी फोन लावायला घेतले. कुणाला रजा नव्हती, कुणाला तिकीट नव्हतं.

"आई, मंगळवारी कसा येवचा?" भक्ती म्हणाली. "संचिताच्या शाळेत परीक्षा आसा. आणि एका मतान काय होतला?"

"मताचा सोड गो. त्या निमतान तुजा तोंड दिसला असता."

यादीत बायका चारशे बारा. मतदानाला आल्या एकशे सदतीस. आडवी एकशे एकतीस, उभी सहा. आडव्या हव्या होत्या दोनशे सात. त्या सहा कोण, यावर गाव आठवडाभर जगलं. आपण नव्हेच अशी शपथ सुभद्राने न विचारता घेतली. सुशांत मात्र घरी येऊन म्हणाला, "काकी, राग धरू नको. फाटकासमोर आता गाडी लावक देवचंय नाय." चार दिवस त्याने शब्द पाळलाही.

तालुक्याच्या कचेरीतले साहेब सभ्य होते. "बाई, तुमचं गाव कागदावर मोठं आहे. वर्षभराने परत मागणी करा. पण त्याआधी जे इथे राहत नाहीत त्यांची नावं कमी करायला अर्ज द्या. यादी उतरली की निम्मंही उतरेल."

परतताना एसटीत बाईंना चूक उमगली. पोराला आईसकट काट्यावर बसवून वजन लिहावं, तसं त्यांनी गाव चतुर्थीत मोजलं होतं.

कचेरीतून आणलेला कोऱ्या अर्जांचा गठ्ठा चार दिवस फडताळात पडून राहिला. दुसऱ्यांच्या लेकींची नावं कापायची आणि आपली ठेवायची, हे गावात चाललं नसतं. बाईंनाही चाललं नसतं. पहिलं नाव भक्तीचंच. पाचव्या दिवशी फोन केला. भक्ती रडेल, "रवांदे गो आई, ता माजा गाव" म्हणेल, आणि मग आपण अर्ज फाडून टाकू, इथपर्यंत त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

"अगो, बरा झाला!" भक्ती म्हणाली. "माका हयच नाव घालूचा होता, दोन ठिकाणी चालणा नाय म्हणान रवला. काढ तू. बरी आसस मा?"

"बरी आसंय."

पलीकडे कुकरची शिटी झाली आणि फोन बंद झाला.

बाई पडवीत आल्या. दिवेलागण झाली होती. पाणंदीच्या बाजूने बायकांचं हसणं येत होतं, शब्द कळत नव्हते. अंगणवाडीच्या नोंदवहीतल्या त्याच गोल अक्षरात त्यांनी लेकीचं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'कायमचे स्थलांतर' असं भरलं.

"काकी, काय लिवतंस गो?" गडग्यावरून गुरुदास.

"तुजा वजन," बाई म्हणाल्या, आणि पुढचा अर्ज ओढून घेतला.