कुबडी कामावर गेली

पोलिओने लहानपणीच माझा एक पाय नेला, तेव्हापासून कुबडी सोबतीला. सातपाटी गावातल्या आमच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि दोरीखालचा बांबू मोडला. आईने सरळ माझी कुबडी उचलून दोरीला टेकू दिला. "तू इथंच बस, कावळे हाकल."

तेवढ्यात सुके बोंबील घ्यायला बोईसरचे एक साहेब आले. "अरेरे, उठतासुद्धा येत नाही?"

माझं डोकं सणकलं. "येतं की! जरा दोरी धरा. अजून वर, माल वाळूत पडेल."

कुबडी काढून घेतली आणि निवांत चहा पिऊन आलो. साहेब तसेच उभे. शेजारच्या दोघी हळहळत होत्या, "बिचाऱ्याचे हात खाली येत नाय वाटतं!"