पापण्यांचे टाके आणि मस्कतची बाटली

"डॉक्टर, डोल्याच्या मागून कोन तरी ढकलतंय हो."

दुपारचे दोन वाजले होते. जेवणाचा डबा उघडा टाकून मी हलीमाबींच्या कॉटपाशी धावले. सकाळी दहाला मीच त्यांच्या दोन्ही वरच्या पापण्यांचं ऑपरेशन केलं होतं. डावी पापणी जशी असायला हवी तशीच होती, थोडी सुजलेली. उजवी मात्र काळीनिळी, ताणलेली, आणि डोळा पुढे आलेला. पापणीवरून हलकेच बोट दाबून पाहिलं. कच्च्या पेरूसारखा टणक लागला. त्यांचा डावा डोळा झाकून मी उजव्यासमोर दोन बोटं धरली.

"किती आहेत?"

"बोटां हायत काय तिथं?"

मी सुषमा सिस्टरला हाक मारली.

मी तीस वर्षं रत्नागिरीत डोळ्यांची डॉक्टर आहे. मोतीबिंदूवर दवाखाना चालतो. पापण्यांची कामं मला मनापासून आवडतात. वयानुसार वरच्या पापणीची कातडी सैल होते आणि डोळ्यावर उतरते. ती जादा कातडी आणि थोडी चरबी काढायची, टाके घालायचे. कॉस्मेटिक ऑपरेशन. भूल फक्त पापणीपुरती. लोकांना ते ब्लाउज अल्टर करण्याइतकं सोपं वाटतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा असतंही.

हलीमाबी अंजनवेलजवळच्या खेड्यातल्या. वय बासष्ट. या वयात हे कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"माजा नासिर मस्कतला. एसीचा काम करतो. रोज व्हिडिओ कॉल करतो. मना बघला का पयला इचारतो, अम्मी, रडलीस काय? मी नाय रडत डॉक्टर. डोलेच असे झालेत. पन त्याला पटत नाय. तिथं पोराला झोप लागत नाय."

इतकं चांगलं कारण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आता त्या पोराच्या आईचा डोळा माझ्या हातून जात होता.

डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. त्याच्या मागे रक्त साचलं तर हाड काही सरकत नाही. दाब वाढतो, डोळ्याची नस चिरडली जाते. तास-दीड तासात तो दाब उतरला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणूनच असं ऑपरेशन केल्यावर आम्ही डोळ्यावर पट्टी बांधत नाही आणि पेशंटला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो. सुषमा सिस्टर दर अर्ध्या तासाने बोटं मोजायला लावत होती. दीडला सगळं ठीक होतं. म्हणजे हातात अजून वेळ होता.

"सिस्टर, टाक्यांचा ट्रे. आणि दाब उतरवायचं सलाईन लावा."

"थिएटरमध्ये घेऊ या ना, मॅडम?"

"इथेच. तिथे न्यायला वेळ नाही."

भुलीचं इंजेक्शन दिलं, सकाळी घातलेले टाके उसवले. साकळलेलं रक्त बाहेर आलं, पण डोळा अजून टणकच. मग डोळ्याचा कानाकडचा कोपरा कापला आणि पापणीला हाडाशी धरून ठेवणारा आतला पट्टाही सोडवला. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्याने डोळ्याला पुढे यायला जागा मिळते आणि नसेवरचा दाब सुटतो. हलीमाबी चादर मुठीत धरून पुटपुटत होत्या. माझाही देव मी आठवत होते.

हळूहळू डोळा मऊ लागायला लागला. रक्त येणारी बारीक शीर सापडली, ती बंद केली. मग बोटं धरली.

"किती?"

"दोन," त्या म्हणाल्या. "आन तुमी रडताय कशाला?"

असं रक्त का यावं, हे मला कळेना. बीपी नॉर्मल. फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: औषधं चालू नाहीत, रक्त पातळ करणारी गोळी नाही. चारच्या सुमाराला चहा घेताना हलीमाबींनी सिस्टरकडे पर्स मागितली.

"सकालची गोली राहिली माजी."

छोटी पांढरी बाटली. वर इंग्रजी आणि अरबी. आत अॅस्पिरिन.

"हलीमाबी, मी विचारलं होतं ना, कुठलं औषध घेता का?"

"ही औषद कुटं? नासिरने पाठवलेली हाय. त्याचा बाप हार्टने गेला. नासिरला तिकीट मिलेपर्यंत मयत दफन झाली. तवापासून दर खेपेला बाटली पाठवतो. मी रोज नमाज झाली का एक घेतां. त्याला बरा वाटतो."

अॅस्पिरिनने रक्त लवकर गोठत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नसते. आम्ही त्यांना विचारून काय ते ठरवतो. पण आधी कळायला तर हवं. आणि ही बाई खोटं बोलली नव्हती.

त्यांनी माझा हात धरला. "नासिरला सांगू नका. तो मरंल."

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. "पण कसं बोलायचं ते माझ्यावर सोडा."

तीन आठवड्यांनी नासिर सुट्टीवर आला तो थेट आईला घेऊन दवाखान्यात. नजर पूर्ण परतली होती. कोपऱ्याला लाल रेघ होती आणि उजवी पापणी अजून नीट मिटत नव्हती, म्हणून झोपताना मलम आणि टेप चालू होती. नासिरने आईचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला.

"मॅडम, चूक कुनाची झाली?"

"माझी. विचारायचं ते मी नीट विचारलं नाही."

त्याने मान हलवली आणि बॅगेतून दोन नव्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "ह्या अम्मीच्या. चालू ठेवायच्या ना?"

हलीमाबींनी डोळे माझ्यावर रोखले.

"नको. इथल्या हार्टच्या डॉक्टरांना दाखवलंय. तुमच्या आईचं हृदय चांगलं आहे. गरज नसताना ही गोळी घेतली तर रक्त थांबायला वेळ लागतो."

तो हुशार होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग आईच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे. आणि एवढा दाढीवाला माणूस माझ्यासमोर हुंदके द्यायला लागला.

"बघा, आता ह्यो रडतोय," हलीमाबी मला म्हणाल्या, आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. "अरे, डोला हाय माजा. दिसतोस तू मना."

"मग मी पाठवू काय, अम्मी?"

"खजूर पाठव."

तो नेमाने खजूर पाठवतो. एक पाकीट माझ्याकडेही येतं.

फॉर्मवरचा तो प्रश्न मी खोडला. ऑपरेशन ठरलं की आता विचारते, परगावी कोण असतं आणि ते काय काय पाठवतं? पिशवी घेऊन या. लसणाच्या कॅप्सूल निघतात, सांधेदुखीच्या गोळ्या निघतात, सुनेने मुंबईहून धाडलेला काढा निघतो. औषधाबद्दल विचारलं की माणसं 'नाही' म्हणून मोकळी होतात. मुलाबद्दल विचारलं की अर्धा तास बोलतात. ओपीडी लांबते, सुषमा सिस्टर घड्याळाकडे बघून कुरकुरते. मी डबा तीनला खाते.