आपाची भूक मारायची गोळी

कारखाना रस्त्याकडं उघडा असला की किस्से लाकडाच्या भुशासारखे साठतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा पायाखाली. मिरजेत आमचा तंबोरे बनवायचा छोटा कारखाना आहे. आब्बा भोपळे कोरतात, माझी थोरली बहीण नसीमआपा तारा चढवते, शंकरनाना पॉलिश करतात आणि फौजेतल्या गप्पा मारतात. आठवीनंतर मीही इथंच बसलो. गप्पांत मी नसतो. माझं वाक्य जुळेपर्यंत चहा संपलेला असतो. पण हे किस्से आत ठेवले की घशाशी येतात, म्हणून लिहितोय.

*

आपाला एक त्रास होता. मन बिघडलं की ती लपून खायची. अख्खा ब्रेडचा पुडा, डब्यातली सगळी खारी, पोट दुखेपर्यंत. मग रडायची आणि दुसऱ्या दिवशी अन्नाला शिवायची नाही. नाना म्हणाले, "फौजेत आमी ह्याच्या दुप्पट खायचो. कुणी औषध दिलं न्हाई, फकस्त पळवलं."

आब्बांनी तिला डॉक्टरांकडं नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि गोळी लिहिली. म्हणाले, "चंचल मुलांना देतात ही. हिनं भूकही मरते."

उपाशी दिवसांबद्दल काही विचारलं नाही. मनगटाला हात लावला नाही. आब्बा घाबरत म्हणाले, "साहेब, माझा भाऊ तरणाताठा हुता, बसल्या जागी हार्टनं गेला..."

डॉक्टरांनी बेल दाबली. "पेशंट कोण आहे? भाऊ की मुलगी?"

*

भूक मेली. झोपही मेली. सकाळी दार उघडावं तर आपानं सगळे भोपळे आकाराप्रमाणे लावून ठेवलेले. खाला, म्हणजे आईची बहीण, खूश. "पोरगी लय कामसू झाली. आन् बारीक पन."

तंबोरा गुंजावा म्हणून तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो केसभर इकडं-तिकडं झाला तरी आवाज मरतो. आपा हे काम डोळे मिटून करायची. आता तिचे हात थरथरायचे. साताऱ्याहून आलेले एक गायक गुरुजी ताटकळले. म्हणाले, "तंबोऱ्यात काही दोष आहे का?"

नाना पॉलिशचा बोळा न थांबवता म्हणाले, "तंबोरा ठणठणीत हाय, गुरुजी. आमची पोरगीच कुणीतरी बेसूर केलीया."

*

आब्बांनी दवाखान्यात फोन लावला. झोप नाही, छाती धडधडते, हात कापतात, सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

तिकडून बाईचा आवाज आला, "वजन उतरलं का?"

"उतरलं."

"मग तक्रार काय आहे?"

*

खरा संताप येतो तो पुढचं आठवून. पूर्वी उपाशी राहायला आपाला जिवाचा आटापिटा करावा लागायचा. आता ते काम गोळी परस्पर करायची. आजार तोच, त्याला फक्त नोकर मिळाला!

दुपारी डबा उघडून मी विचारायचो, "आपा, जेवलीस?"

"व्हय. सकाळीच. पाण्याबरोबर."

गल्लीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या, "बारीक व्हायला काय करतीस गं?" काय होतंय गं, असं एकीनंही विचारलं नाही.

*

मग एका दुपारी तार पिळता पिळता तिनं छातीवर हात ठेवला. "बाबू, आत कुणीतरी झाला वाजवतंय रं." झाला म्हणजे सतारीवरचं सगळ्यात जलद वाजवणं. एवढं म्हणाली आणि भोपळ्यांवर कोसळली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी आधी नाडी धरली. बीपी घेतलं, ईसीजी काढला. मग आब्बांना विचारलं, "घरात कमी वयात कुणी अचानक गेलंय का?"

आब्बा रडायलाच लागले.

बाई म्हणाल्या, "गोळी वाईट नाही. पण आधी हृदय तपासायचं, पेशंट उपाशी राहत नाही ना ते बघायचं, आणि पुढं नजर ठेवायची. हिच्यावर कुणाची नजर होती?"

गोळी बंद झाली. वेळेवर जेवायचं आणि दर आठवड्याला येऊन मोकळं बोलायचं, हे नवं औषध. त्याला वेळ लागतो. लागू दे.

*

आमच्याकडं सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, मंद आचेवर शिजत असतो. त्यात भुशाचा कण पडला तरी आब्बा अख्खं भांडं ओतून द्यायला लावतात. काही महिन्यांनी एका दिवशी आपा सरस ढवळत होती. गाल जरा भरले होते, हाताची थरथर थांबली होती. तेवढ्यात खाला आली.

"नसीम, त्या गोळ्या उरल्यात न्हवं? आमच्या शमाला दे. पुढच्या जुम्म्याला बघायला येनार हायत तिला."

"तिला काय झालंय?"

"काय व्हायचंय? जरा बारीक दिसंल. वाया कशाला घालवायच्या?"

आपा उठली. फळीवरची गोळ्यांची पट्टी काढली आणि एकेक गोळी दाबून शिजत्या सरसात टाकली.

"अगं, कामाच्या हुत्या की त्या!" खाला ओरडली.

नानांचा बोळा थांबला. मी आब्बांकडं बघितलं. आब्बा उठले आणि त्यांनी भांड्यात वाकून बघितलं.

"नीट ढवळ," ते म्हणाले.