पाच टीम, एक यादी

“मॅडम, पेशंट सकाळीच घरी गेला. तुमच्या स्क्रीनवर मात्र तो अजून बेडवरच आहे. इथे दुसरा स्ट्रेचरवर ताटकळतोय, त्याला काय सांगू?” हॉस्पिटलच्या सिस्टर राणे फोनवर कडाडल्या.

आमचं ऑफिस परळला आणि हे हॉस्पिटल आमच्या खिडकीतून दिसतं, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटली. त्यांचं सॉफ्टवेअर आमच्या पाच टीम बनवत होत्या. त्या पाचांची मोट बांधणं हे माझं काम. चौकशी केली, तर डिस्चार्जचं काम बिलिंगच्या टीमने आपल्यापुरतं संपवलेलं, औषधांच्या टीमनेही. बेडच्या टीमकडे मात्र ते कामांच्या यादीत तळाला पडून होतं.

आम्ही अजाईल पद्धतीने काम करतो. म्हणजे थोडं बनवायचं, दर दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायचं, मग पुढचं ठरवायचं. आधी काय करायचं हे ठरवतो तो प्रॉडक्ट ओनर. एका टीमला हे झकास जमतं. आमच्याकडे ओनर पाच, याद्या पाच. एक ना धड, भाराभर चिंध्या!

“मोठ्या टीमसाठीची एखादी पद्धत निवड,” सर म्हणाले, “नाहीतर हॉस्पिटल हातचं जाईल.”

दोन पद्धती समोर होत्या. एकीत पाच ओनर तसेच राहणार आणि त्यांच्या डोक्यावर आणखी साहेब येणार. कोणी दुखावणार नाही. दुसरीत टीम पाच, पण यादी एक आणि ओनरही एकच. मला दुसरी पटली होती. पण उरलेल्या चौघांना खाली उतरवायचं कोणत्या तोंडाने? त्यात तांबे होता, माझ्यासोबत नोकरीला लागलेला. तो ओनर झाला तेव्हा लालबागला त्यांच्या चाळीच्या फळ्यावर अभिनंदन झळकलं होतं. त्याच्या आईने मला पेढे पाठवले होते.

मीटिंगमध्ये मी दोन्ही पद्धतींचं गुळमुळीत कौतुक करत होते. तांबेने मला थांबवलं.

“सर, ही भिडेपोटी स्पष्ट बोलत नाहीये. यादी एकच ठेवा. आम्हा पाच ओनरांतली अनघा वॉर्डात जाऊन सिस्टरांशी बोलते, तिला ओनर करा.”

“आणि तू?”

“मी परत कोडिंगला. तसंही मीटिंगा करून डोकं आउट झालंय.”

तो बोलल्यावर बाकी तिघांनीही फार ताणलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, “घरी काय सांगशील रे?”

“खरं तेच. आई दोन दिवस बोलणार नाय. मग बोलेल.”

मी त्याला थँक्यू म्हटलं, तर म्हणाला, “चहा सांग.”

पुढच्याच महिन्यात तीन टीमनी मिळून डिस्चार्ज एकदम पुरा केला. हॉस्पिटल टिकलं. सिस्टर राणेंचा फोन आला, “बेड लगेच रिकामा दिसतो हां. आता अक्षरं मोठी करा.”

मोठ्या टीमसाठी कोणती पद्धत चांगली, असं मला बरेच जण विचारतात. मी म्हणते, आधी तुमच्यात स्वतःची खुर्ची सोडणारा कोणी आहे का बघा. लोक हसून विषय बदलतात. आमच्यात तो होता, हे माझं नशीब.