फेट्यातला शुभेच्छुक

तो फ्लेक्स आता आमच्या सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशाच्या ढिगावर, झाकलेला आहे. पावसात भिजत नाही, उन्हात विटत नाही, पैसे अगदी वसूल. फक्त वाऱ्याने एक कोपरा उचलला की खालून माझं फेटा बांधलेलं डोकं वर येतं आणि गोठ्यातली म्हैस बिचकते. याच फ्लेक्सने माझं ठरत आलेलं लग्न मोडायला आणलं होतं. आणि तो मीच छापला होता, कोणी मागितला नसताना.

धाड गावच्या स्टँडजवळ माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पंपाचा वॉशर बसेना म्हणून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ लावला. तो संपला आणि पुढचं आपोआप सुरू झालं: सात कोरियन पोरी, सात रंगांचे केस, नाचतायत. माझे दोन्ही हात ग्रीसने भरलेले, बंद कसं करणार? हात पुसून होईस्तोवर गाणं संपलं, आणि मी ग्रीसच्याच बोटाने ते पुन्हा लावलं.

त्या सातजणींत माझी ती मागच्या कोपऱ्यातली. आवाज असा की पंप पहिल्या दट्ट्यात सुरू व्हावा, पण अख्ख्या गाण्यात तिच्या वाट्याला दोन ओळी. एखाद्या गाण्यात तर नुसतं ‘ओऽऽ’. तिच्यावर कॅमेरा आला म्हणेपर्यंत पुढचीच्या केसांवर जायचा. वर्षानुवर्षं मी त्या दोन ओळींची वाट बघत गाणी ऐकली. वहिनी एकदा म्हणाली, “तुमाले तीच काऊन आवडते ते मले ठाऊक हाय. आपल्या घरात तुमचं तेच हाय.” खोटं कशाला बोलू? आमच्याकडे बोलायचं खातं मोठ्या भावाकडे. मी ‘हाव’ म्हणतो.

उंद्रीला पोरगी पाहायला गेलो तेव्हाही तेच झालं. शिक्षण किती, शेती किती, स्वभाव कसा, सगळी उत्तरं भावाने दिली. शेवटी आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिने विचारलं, “तुम्ही काय करता?” मी म्हणालो, “पंप.” पुढे काहीतरी जोडायचं होतं, पण तोवर खालून चहाला बोलावलं. पोरगी मात्र मला फार आवडली होती. सतरा ठिकाणी नकार खाल्लेल्या माणसाला असं आवडणं परवडत नाही, पण आवडली. आता तिच्याकडचे आमचं घर पाहायला यायचे होते.

त्याच सुमाराला बातमी आली की माझी ती एकटीचं गाणं काढतेय. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तीच. मी दिवसभर हसत होतो; एका गिऱ्हाइकाच्या पंपाला दुसऱ्याचं नोझल बसवून दिलं. संध्याकाळी मात्र काळजी लागली. दोन ओळी कोणीही सांभाळतं, अख्खं गाणं पेलेल का? आणि ग्रुप फुटला तर?

भावाने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “म्हंजे तिनं चूल वेगळी केली.”

“नाही गा, ग्रुपमध्ये पण राहणार हाय ते.”

“मंग सैपाक वेगळा अन् सणाले एकत्र,” वहिनी म्हणाली. जगभरातल्या चाहत्यांनी या विषयावर पानंच्या पानं लिहिली होती. वहिनीने पोळी उलटता उलटता मिटवलं.

आमच्याकडे पोलीस भरतीत पोरगा लागला की फ्लेक्स लागतो. शंकरपटात बैलजोडी पहिली आली की बैलांचाही लागतो. मग हिने काय घोडं मारलं? मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिचा पांढऱ्या घोळदार झग्यातला फोटो दिला. वर ‘एकटीने पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. ग्रुप फुटलेला नाही हे गावाला कळावं म्हणून बाकीच्या सहाजणी खाली गोल चौकटींत, शुभेच्छुक म्हणून.

दुकानदार म्हणाला, “गावातलं कोणी नसलं तर लोक पाहत नाहीत. तुझा फोटो दे बे.”

माझा बरा फोटो एकच. भावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्याने तो तिच्या शेजारी लावला, तिच्याएवढाच मोठा केला आणि रिकामी जागा वाईट दिसते म्हणून कडेने झेंडूचं तोरण सोडलं. मला फारच शोभिवंत वाटलं. मी उभा राहून तो स्टँडसमोर बांधून घेतला आणि सगळ्या बाजूंनी बघितला. एका बाजूनेही मला दिसलं नाही की ही लग्नाची पत्रिका झाली आहे: पांढऱ्या झग्यात नवरी, फेट्यात मी, खाली सहा करवल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. उंद्रीच्या पाव्हण्यांना बाजारासाठी येणारी जीप मिळाली, म्हणून ते ठरल्या दिवसाआधीच आले. पोरीचे वडील आणि मामा. उतरले ते नेमके स्टँडवर.

घरात आले तेव्हा चेहरे खाली. मायने पोहे पुढे केले, मामांनी बाजूला सरकवले. “घर चांगलं हाय,” ते म्हणाले. “पण पहिली कुठं हाय?”

“पहिली कोण?” भावाने विचारलं. तो दोन दिवस शेतात होता, त्याने फ्लेक्स पाहिला नव्हता.

“स्टँडवर जिचा बोर्ड लावला ते. नेपाळची हाय काय?”

भाऊ माझ्याकडे वळला. बोलायचं खातं त्याने जन्मात प्रथमच माझ्याकडे सरकवलं. “आता तूच सांग,” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि काय सांगू, बांध फुटला. वॉशरपासून सुरू केलं. सातजणी, मागचा कोपरा, दोन ओळी, तो ‘ओऽऽ’ तर मी करूनही दाखवला. नाचता नाचता गाताना दम कसा राखतात ते उठून सांगितलं. मायने डोक्यावरून पदर ओढला. इतक्यात मोबाइल वाजला: अडीच, गाण्याची ठरलेली वेळ. गाणं आलं होतं.

माझा चेहरा बघून मामा म्हणाले, “काय झालं? तिचाच फोन हाय काय?”

“गाणं आलं तिचं. आत्ताच.”

“लाव मंग. पाहू तरी काय बला हाय.”

वहिनीने मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज घुमतो. मला धडाक्याची सुरुवात हवी होती. ती सुरू झाली अगदी हळू, दारात उभं राहून आत येऊ का विचारावं तशी. मी मनात म्हणालो, गेलं. मग ती जागा आली जिथे एरवी दुसरी कोणी येऊन तिची ओळ उचलते. तिथे कोणी आलं नाही. एक श्वास रिकामा गेला, आणि तीच आली, दुप्पट आवाजाने. पातेलं थरथरलं. मी पाव्हण्यांसमोर मांडीवर ठेका धरला होता, हे मला वहिनीने नंतर सांगितलं. मला एवढंच दिसलं की पोरीच्या वडिलांच्या पायाचा अंगठा हलत होता.

गाणं संपलं. मी पुन्हा सुरू झालो. ती रिकामी जागा मुद्दाम कशी ठेवली असेल ते समजावू लागलो. वडिलांनी हात वर केला.

“तुम्ही गेल्यावर पोरगी म्हणे, बाकी ठीक हाय, पण पोरगा मुका हाय काय ते पाहून या. मी मुक्याले देणार नाही म्हणे स्वतःले. त्याच्यासाठीच आलो होतो, घराचं निमित्त.”

“बोलते तर हाय,” मामांनी पोह्यांची ताटली ओढली. “आता बंद कसं करतात तेवढं सांगा.”

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो, तर वडिलांनी थांबून फ्लेक्सचा फोटो काढला, घरी पाठवला. तिथूनच फोन लावला, दोन शब्द बोलले आणि माझ्या हातात दिला.

पोरगी म्हणाली, “तो फेटा कोणाच्या लग्नातला?”

“भावाच्या.”

“आपल्या लग्नात दुसरा बांधा. हा तिच्यासंगं होऊन गेला.”

मी म्हणालो, “हाव.”