भाकरीतली साल

सासूबाईंवरचा माझा राग कुणाला पटत नाही. आमच्या धसई गावात त्यांना फार मान. कुणाला हगवण लागली की लोक आमच्याच दारात. सासूबाई कुड्याच्या झाडाची साल कुटून देत.

मला मोठ्या आतड्याचा अल्सर होता. सन दोन हजारच्या आसपास तो इतका बळावला की दिवसातून दहादहा वेळा टमरेल घेऊन शेताकडे पळायची आणि रक्त पाहून परत यायची. कल्याणच्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळात धाडलं. तिथे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती, अगदी सुरुवातीची, मोजक्या रुग्णांवर. दिवस राहतील या भीतीने बायकांना घेत नव्हते; माझं मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला घेतलं. अट एकच होती, दुसरं कसलंही औषध घ्यायचं नाही, घरगुतीसुद्धा. घरी येऊन मी ती सगळ्यांना दोनदा सांगितली.

महिन्याभरात रक्त थांबलं. कित्येक वर्षांनी मी मुरबाडच्या एसटीत निर्धास्त बसले.

पुढच्या तपासणीला सासूबाई हट्टाने सोबत आल्या. इस्पितळातले डॉक्टर माझे कागद बघून खूश झाले. ते सासूबाईंना सहन होईना.

"रोज भाकरीच्या पिठात कुड्याची साल घालते मी," त्या म्हणाल्या. "गोळीचा गुण नाय तो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुण कशाचा हे आता सांगता येणार नाही, म्हणून मला चाचणीतून काढलं. मी रडले, हात जोडले. उरलेल्या गोळ्यासुद्धा त्यांनी परत घेतल्या. बाजारात तर त्या नव्हत्याच.

गोळ्या बंद झाल्या, पिठातली साल मात्र चालू राहिली. तीन आठवड्यांत रक्त परत सुरू झालं.

सासूबाईंना वाटलं, डॉक्टर रागावलेत. तलाठ्याला खूश करावं तसं त्यांनी घरचा तांदूळ पिशवीत भरला आणि एकट्याच मुंबई गाठली. डॉक्टरांनी पाणी दिलं, नियम समजावला, तांदूळ परत पाठवला.

संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसल्या, पहिल्यांदाच मान खाली घालून.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गो."

ते मला माहीत होतं. मी टमरेल उचललं आणि बाहेर पडले. त्या गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना माफ केलेलं नाही.