वाक्रूळकरांची पाल

जेरुशा वाक्रूळकर पनवेलच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसायची. नावं पुकारायची, पाणी प्यायलात का विचारायचं, रिपोर्ट कधी मिळेल ते सांगायचं, आणि तेच सगळं पुढच्या माणसाला पहिल्यापासून. संध्याकाळी घराचे दोन मजले चढेपर्यंत तिला कुणाशी बोलायचं त्राण उरत नसे. आणि वर तर अशा माणसाकडे जायचं होतं, ज्याचं एक वाक्य पुरं होईस्तोवर वाट बघत उभं राहावं लागायचं.

एलिजा, तिचा नवरा, तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीत शेड जुळवायच्या खात्यात होता. गिऱ्हाईक एखादा पत्र्याचा तुकडा पाठवी, हुबेहूब असाच रंग हवा म्हणून. तो तसा झाला की नाही हे बघणं एलिजाचं काम. मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर गळून पडला आणि तो बेसिनपाशीच कोसळला. अर्धांगवायू. उजवा पाय काठीच्या आधारानं थोडाफार परत आला, हात आला नाही, आणि बोलणं आलं ते शब्द चाचपडत.

मुलगी आदिना लग्न होऊन इस्रायलला, अश्दोदला गेलेली. ती फोनवर म्हणायची, "आई, तुम्ही दोघं इकडेच या ना." जेरुशा म्हणायची, "बघू." परदेशी जायचं तर आधी जिना उतरायला हवा, आणि एलिजा जिना उतरायला तयार नव्हता. डॉक्टरकडे न्यायचं तेव्हा शेजारचे चौघं त्याला खुर्चीसकट उचलून नेत, आणि त्या वेळी तो डोळे मिटून घेई. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाणंही त्यानं सोडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी जेरुशा शब्बाथचा, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावी, तेव्हा तेवढा टेबलापर्यंत येऊन बसे.

त्यानं काही मागणंही सोडलं होतं. भाजी कुठली करू विचारलं तर "काहीही". म्हणून एका रात्री जेवताना त्यानं डाव्या हातानं मोबाइल तिच्यापुढे सरकवला आणि "ही... हवी" म्हणाला, तेव्हा जेरुशाच्या हातातला घास तसाच राहिला. मोबाइलवर एक पाल होती. भिंतीवरची नव्हे, जाड शेपटीची, पिवळसर, अंगभर काळे ठिपके असलेली. चक्क पापण्या मिटून उघडत होती.

"पाल?" जेरुशा म्हणाली. "मी झाडू घेऊन पालींच्या मागे धावते, आणि तुम्हाला पाल हवी?"

"लेपर्ड... गेको," एलिजा म्हणाला. "भिंतीवर... चढत नाही."

तिनं आणखी वाद घातला नाही. वाद घालायलाही जोर लागतो. आणि माणसानं इतक्या दिवसांनी काहीतरी मागितलं होतं.

पुढच्या रविवारी ती शेअर रिक्षानं कामोठ्याला गेली. तिथं एक जण आपल्या फ्लॅटमध्येच मासे, कासवं, पक्षी असं काहीबाही विकायचा. त्यानं मिठाईच्या डब्यासारखा प्लॅस्टिकचा डबा पुढे केला. आत ती पाल एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"घरचीच पैदास आहे आंटी," तो म्हणाला. "मॉर्फ आहे. कुठला ते थोडी मोठी झाली की कळेल. रेअर निघाला तर नशीब तुमचं."

मॉर्फ म्हणजे काय ते जेरुशाला घरी आल्यावर एलिजाकडून कळलं. ही पाल पाळणाऱ्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तिचे नाना रंग काढलेत. कुणी पांढरट, कुणी केशरी, कुणी बिनठिपक्यांची, कुणाचे डोळे पूर्ण काळे. प्रत्येक रंगाला नाव आहे. हे सगळं सांगायला एलिजाला जवळजवळ अर्धा तास लागला. जेरुशा कणीक मळत ऐकत होती. नंतर तिच्या लक्षात आलं, आजारपणानंतर तो एका दमात इतकं कधी बोललाच नव्हता.

काचेची पेटी आली. तिच्या एका टोकाला खालून ऊब देणारी चटई, दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी, मध्ये फुटक्या कुंडीचं घर. आता जेरुशाच्या कामांत आणखी एकाची भर पडली. पेटी पुसायची, पाणी बदलायचं, आणि दुकानातून आणलेल्या जिवंत अळ्या चिमट्यानं पालीपुढे धरायच्या. पाल त्या अळ्यांकडे ढुंकूनही बघत नसे. चार-पाच दिवस ती उपाशीच राहिली. मग एकदा जेरुशानं मोरीत सापडलेलं झुरळ वैतागून पेटीत टाकलं, तर पालीनं ते झडप घालून खाल्लं. एलिजा हसला. चेहऱ्याची एकच बाजू हसते आता त्याची, पण हसला. पालीच्या कानामागे एक गोचीड चिकटलेली होती, तीही जेरुशानंच चष्मा लावून चिमट्यानं काढली. कुत्र्यामांजरांना होते तशी हिलाही झाली असेल, असं तिला वाटलं.

आणि मग रोज संध्याकाळी रंग जुळवायचा कार्यक्रम सुरू झाला. अंधार पडला की पाल कुंडीतून बाहेर येई. एलिजा पेटीसमोर खुर्ची ओढून बसे, मोबाइलवर एकेका मॉर्फचा फोटो उघडून पालीशेजारी धरायला जेरुशाला सांगे, आणि बघत राही.

"टँजरिन?" जेरुशा विचारी.

"नाही. केशरी... कमी."

"मग ही स्नो?"

"पिवळं... जास्त. दिवा... पांढरा लाव."

ती उठून दुसरा दिवा लावी. दिवसभराचे पाय दुखत असत, भाकऱ्या व्हायच्या असत. पण घरात दोन माणसांचे आवाज असत. सेंटरमधून निघताना आताशा ती रस्त्यात रेंगाळेनाशी झाली होती. आधी ती भाजीवाल्यापाशी उगाच उभी राहायची, घर जितकं उशिरा येईल तितकं बरं म्हणून. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

महिना उलटला, दुसरा सरत आला. पाल अंगानं भरली, पण कुठल्याच फोटोशी जुळेना. पट्टे वेगळे, पिवळा मातकट, पाय लांब. एलिजा चिडायचा. "माझी नजर... गेली," असं तो एकदा म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही.

शेवटी जेरुशानं पालीचे फोटो पाळणाऱ्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. कुणी एक नाव सांगितलं, कुणी दुसरं, दोघांची जुंपली. मग रुचिरा नावाच्या एका मुलीनं तिला वेगळा मेसेज केला. रोडपालीला राहते, स्वतःकडे अशा सात पाली आहेत, आणि जखमी साप-पक्षी सोडवायचंही काम करते. तिनं पालीच्या पोटाचे आणि बोटांच्या खालच्या बाजूचे फोटो मागितले. ते बघितल्यावर तिनं लिहिलं, "मावशी, मी घरी येऊन बघते."

रुचिरा आली, पंचविशीची, पाठीवर सॅक. पेटीपुढे गुडघ्यांवर बसून तिनं पाल बराच वेळ निरखली.

"घेतली तेव्हा अंगावर गोचीड होती का?" तिनं विचारलं.

"होती. मी काढली."

"अळ्या खाते?"

"नाही. झुरळं खाते."

रुचिरा उठून खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "काका, ही कुठलाच मॉर्फ नाही. तुमच्याकडच्या फोटोंतल्या पाली परदेशी जातीच्या आहेत, पिंजऱ्यात जन्मलेल्या. ही त्यांची चुलत बहीण म्हणा. आपल्याकडची रानातली आहे. कर्नाळ्याच्या, माथेरानच्या बाजूला डोंगरात असतात. हिला कुणीतरी दगडाखालून उचलून आणलंय."

एलिजा पालीकडे बघत होता. "म्हणून... जुळत नव्हती," तो म्हणाला.

"हो. तुमची नजर बरोबरच होती, काका. पण हिला घरात ठेवता येत नाही. कायद्यानं बंदी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही आपणहून देताय, असं मी वन खात्यात बोलते. त्रास होणार नाही."

"आणि तो विकणारा?" जेरुशानं विचारलं.

"त्याचंही सांगते. फोन लागतोय का बघा त्याचा."

फोन लागला नाही. मग नंतरही कधीच लागला नाही.

रुचिरा उद्या कळवते म्हणून गेली. जेरुशानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. सगळी हयात तिनं नियमानं काढली होती. रांग मोडली नाही, शब्बाथ मोडला नाही, सेंटरमध्ये कुणाचं नाव कधी पुढे घेतलं नाही. ती म्हणाली, "राहू दे की इथंच. कुणाला कळणार आहे? त्या मुलीला सांगू, मेली म्हणून."

एलिजानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"एवढंसं जनावर ते," जेरुशा म्हणाली. "त्याला इथं काय कमी आहे? खायला आहे, ऊब आहे. मीच करतेय ना सगळं. मी कुरकुर केली का?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मला घरी यावंसं वाटायला लागलं होतं हो. इतक्या दिवसांनी."

हे बोलून गेल्यावर तिला शरमल्यासारखं झालं. ती स्वयंपाकघरात जायला निघाली. एलिजानं काठीनं जमिनीवर टक् केलं. थांब म्हणायची त्याची ती खूण. ती थांबली. त्याचे ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. तिनं वाट पाहिली.

"तिला..." एलिजा म्हणाला, "जाता येतं... जेरू."

जेरुशानं पेटीतलं पाणी बदललं आणि कुकर लावला.

दोन दिवसांनी रुचिराचा फोन आला. वन खात्याची माणसं गाडी घेऊन येतायत, डबा तयार ठेवा. जेरुशानं सेंटरमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडली, तळाशी ओला कपडा घातला, पाल आत ठेवली. बाहेर गाडीचा आवाज आला तेव्हा एलिजा काठी घेऊन दारात उभा होता. पायांत चपला.

"मी... देणार," तो म्हणाला.

"अहो, ते वर येतील."

"मी देणार."

ते खाली कसं पोचले ते जेरुशालाच माहीत. तो डाव्या हातानं कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. ती त्याच्या पुढे उलटी चालत होती, एका हातात डबा, दुसरा हात त्याच्या छातीपाशी. प्रत्येक वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची टेकवायची, त्याला बसवायचं, धाप ओसरू द्यायची, आणि मग त्याला कठडा धरून उभा करून तीच खुर्ची आणि काठी आधी पुढच्या वळणावर ठेवून यायची. शेजारच्या दमयंतीबाई दार उघडून मदतीला आल्या, तर एलिजानं मान हलवून नको म्हटलं. खाली पोचेस्तोवर त्याचा शर्ट घामानं भिजला होता. वन खात्याचा माणूस कंटाळून गाडीला टेकून उभा होता. एलिजानं डाव्या हातानं डबा त्याच्या हातात दिला. त्या माणसानं झाकण किलकिलं करून बघितलं, एका कागदावर जेरुशाची सही घेतली आणि गाडी गेली. सगळं मिळून पाच मिनिटं.

वर चढायला त्याहून जास्त त्रास झाला. एलिजा पुढचे तीन दिवस अंथरुणावरून उठला नाही, आणि जेरुशाची कंबर धरली ती आठवडाभर सुटली नाही.

पंधरा दिवसांनी रुचिराचा मेसेज आला. पाल तपासून झाली, ठणठणीत होती, काल संध्याकाळी डोंगरात सोडली. जागा सांगता येत नाही. जेरुशानं तो एलिजाला वाचून दाखवला. त्यानं पुन्हा एकदा वाचायला सांगितला. माझ्याकडचं एक पिल्लू तुम्हाला देऊ का, घरच्या पैदाशीचं, रीतसर नोंदणी असलेलं, असंही रुचिरानं विचारलं होतं. जेरुशानं लिहिलं, "नको बाळा. आता आणखी कुणाचं करायचं बळ नाही." एलिजाला विचारलं तेव्हा तोही नको म्हणाला. काचेची पेटी माळ्यावर गेली.

घर परत गप्प झालं, पण अगदी पहिल्यासारखं नाही. एका संध्याकाळी जेरुशा जिना चढत होती. वळणावर ती प्लॅस्टिकची खुर्ची त्या दिवसापासून तशीच होती आणि आता तिच्यात एलिजा बसला होता. एवढ्या पायऱ्या एकटाच उतरून आला होता. काठी मांडीवर आडवी. रागवावं, असं मनात आलं. पडला असता तर, कुणाला कळलं असतं. पण रागवायला अंगात जीव नव्हता. ती त्याच्या खुर्चीशेजारच्या पायरीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन. पाय ठणकत होते.

"किती वेळ झाला बसून?" तिनं विचारलं.

"बराच," एलिजा म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळानं, "दमलीस?"

"हो," जेरुशा म्हणाली. "बसू जरा. मग जाऊ वर."